रिकाम्या नळीतली रेघ

आधी चूक सांगतो, मग प्रवास. चुकीमुळेच हा प्रवास घडला. ती लपवून पांढरकवड्याकडचं रान आणि कपाशी यांचंच वर्णन केलं, तर ते खोटं होईल.

मी पुण्यात प्राण्यांच्या डीएनएवर काम करतो. माझी बरीच वर्षं लोरिस या एका प्राण्यामागे गेली. माकडांच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम वीतभर लांबीचा, शेपूट नसलेला हा प्राणी. हातपाय काडीसारखे, डोळे चेहऱ्यात न मावणारे. दिवसभर फांद्यांच्या गचपणात गोळा होऊन झोपतो आणि अंधार पडला की सावकाश हलायला लागतो. आपल्या देशात त्याची दोन मुख्य कुळं आहेत. एक पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओल्या जंगलातलं, दुसरं पठारावरच्या कोरड्या रानातलं. दिसायला जवळजवळ सारखी. एक थोडं तांबूस, एक थोडं राखाडी, आणि टॉर्चच्या उजेडात तर सगळेच तांबूस दिसतात. म्हणून आम्ही केस आणि लेंड्या गोळा करतो, त्यातला डीएनए वाचतो आणि कोण कुठल्या कुळातला ते ठरवतो. मग नकाशावर रेघ ओढायची, की इथपर्यंत हे आणि तिथून पुढे ते. यवतमाळ जिल्हा त्यातल्या कुठल्याच रेघेत येत नव्हता.

आणि तिथल्याच एका गावात एका शेतकरी बाईंना तुरीच्या शेतात लोरिस सापडला. त्यांनी तो टोपलीत ठेवला, वर जुनं लुगडं झाकलं आणि वनखात्याला कळवलं. टोपलीला चिकटलेले केस आणि लेंड्या तपासणीसाठी माझ्याकडे आल्या.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. नमुन्यांच्या नळ्यांबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची. तिच्यात प्राण्याचं काहीही घालायचं नाही, पण बाकी सगळे संस्कार तिच्यावर तसेच करायचे. शेवटी यंत्राच्या चित्रात प्रत्येक नळीतला डीएनए एक रेघ होऊन उमटतो; पाण्याच्या नळीच्या जागी काहीच दिसता कामा नये. दिसलं, तर समजायचं की दुसरीकडचं काहीतरी उडून आत शिरलंय आणि त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्यायचं. यवतमाळचा नमुना तपासला त्याच दिवशी दुपारी, त्याच टेबलावर मी किनाऱ्याकडच्या लोरिसचा नमुना हाताळला होता. पाण्याच्या नळीच्या जागी एक फिकट रेघ दिसली. मी ती पाहिली. डोळे बारीक करून पाहिलं तर दिसत होती, चष्मा काढला तर दिसत नव्हती. मी चष्मा काढला.

निकाल किनाऱ्याकडच्या कुळाचा आला. मला तो पटलाही, कारण यवतमाळात लोरिस नसतोच हे मी आधीच ठरवून बसलो होतो. अहवालात लिहिलं, की हा प्राणी दूर दक्षिणेतून आणलेला असावा. खाली एक वाक्य जोडलं, की जादूटोण्यासाठी अशा प्राण्यांची तस्करी होत असते. ते वाक्य खरं आहे, पण त्याची तिथे गरज नव्हती.

पुढे दुसऱ्या कामासाठी पाकिटात उरलेले केस पुन्हा तपासले, तेव्हा निकाल बदलला. प्राणी कोरड्या रानाच्या कुळातला होता, पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातल्या जंगलांत सापडणाऱ्यांच्या अगदी जवळचा. मी दोन ओळींचं दुरुस्तीपत्र पाठवलं. खात्याने ते फायलीत लावलं, त्या बाईंवर तस्करीच्या संशयाने लागलेली चौकशी बंद केली. माझ्या लेखी विषय संपला होता. मग एका वनरक्षकाचा फोन आला. त्यांचं आडनाव मडावी. ते म्हणाले, "सर, तुमचा कागद दुरुस्त झाला, गाव नाही झालं. एकदा येऊन जा."

मी गेलो. पण काय करायला चाललोय ते कुणाला सांगितलं नाही. दौऱ्याच्या अर्जात लिहिलं, 'नवीन नमुने गोळा करणे'.

पांढरकवडा

नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव ट्रकवाल्यांनी भरलेलं असतं. मला लॉजवर रस्त्याकडची खोली मिळाली. खिडकी उघडली की डिझेलचा वास, बंद केली की गादीचा. एकटं राहायची मला सवय आहे. बायको मुलीजवळ बंगळुरात असते, आमच्यात भांडण नाही, बोलणंही फारसं नाही. पण परक्या गावातलं एकटेपण वेगळं असतं. ढाब्यावर पोऱ्याने विचारलं, "दोघं का?" आणि मी एकटाच म्हटल्यावर समोरची खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला नेली. एवढंसंच, पण जेवण होईपर्यंत त्या मोकळ्या जागेकडे माझं लक्ष जात राहिलं.

जेवण मात्र झकास. जानेवारीत इकडे तुरीच्या शेंगा भरतात. त्यातल्या हिरव्या दाण्यांना सोले म्हणतात. सोल्यांची झणझणीत भाजी आणि भाकरी. पुण्याचा माणूस भाजीत गूळ शोधतो, तो इथे सापडत नाही. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "तिखट लागून राह्यलं काय जी? दही देऊ?" मी नको म्हटलं. तिखटामुळे का होईना, डोळ्यांत पाणी आलं, त्याचं बरंच वाटलं.

सकाळी मडावी मोटारसायकल घेऊन आले. पन्नाशीतला, ठेंगणा, सतत काहीतरी चघळणारा माणूस. मला वर-खाली न्याहाळून म्हणाले, "सर, एवढे बूट? वाघ पकडाले आले का माफी मागाले?"

मी म्हटलं, "नमुने घ्यायला आलोय."

"बरं," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली. 

रान

त्यांनी मला आधी खरंच रानातच नेलं. माझा बहाणा त्यांनी असा शब्दशः घेतला.

हा भाग पाहिला नसेल त्याला सांगतो. सह्याद्रीसारखा इथे डोंगर अंगावर येत नाही. जमीन हळूच वर उठते, तिथे साग असतो. हळूच खाली उतरते, तिथे कपाशी. जानेवारीत सागाची पानं मोठाल्या पापडांसारखी वाळून पडतात, पाऊल टाकलं की सगळ्या रानाला कळतं. बाजाराला जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडच्या बाभळींना जागोजागी अडकलेला असतो. लांबून वाटतं झाडं फुललीत.

आम्ही सकाळभर बांधांवरच्या झाडांखाली लेंड्या शोधल्या. लोरिस असलाच तर असा गुंतलेल्या फांद्यांत, जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर जाता येईल अशा जागी असणार. सापडल्या त्या खारींच्या आणि वटवाघळांच्या. एका नाल्यात माझा पाय घसरला, मी कमरेपर्यंत चिखलात बसलो आणि नमुन्यांच्या कोऱ्या नळ्यांची पिशवी पाण्यावर तरंगत पुढे गेली. मडावींनी ती काठीने ओढून आणली.

"घ्या," ते म्हणाले. "भेटला तुमाले नमुना. नाल्याचा."

मी हसलो. तेही हसले. मग काठावर बसून बिडी पेटवत त्यांनी हळूच विचारलं, "सर, त्या प्राण्याले तुम्ही काय नाव म्हणता?"

"लोरिस."

"आमच्या गावात त्याले नावच नव्हतं. म्या बी पयल्यांदाच पाह्यला. त्याचे डोळे करणीले लागते, हे बी कोणाले माहीत नव्हतं. तुमच्या कागदातलं वाक्य पेपरात आलं, तवा माहीत झालं."

मला वाटत होतं की अंधश्रद्धा गावात होती आणि माझ्या अहवालाने तिला निमित्त दिलं. तसं नव्हतं. ती पुण्याहून, माझ्या सहीने गेली होती.

गावात

गावाचं नाव लिहीत नाही. त्या बाईंच्या घराला नावाचा पुरेसा त्रास झालाय.

चिखलाने भरलेले कपडे, गळ्यात पिशवी, सोबत खाकीतले मडावी. चौकात शिरताच चारपाच शेतकऱ्यांनी मला घेरलं. "साहेब, विम्याचे का? सोयाबीन पाह्यलं का तुम्ही आमचं? एक शेंग नाही आली." मी विम्याचा नाही म्हणालो, तरी एकाने सोयाबीनचं वाळलेलं झाड माझ्या हातात दिलंच. खरं सांगतो, दुसऱ्याच कुणीतरी असण्यात मला सुटल्यासारखं वाटलं. मी ते झाड हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो.

सरपंचांच्या ओसरीत बसलो न बसलो तोच चहा आला. तिथून उठून पाणी प्यायला शेजारच्या घरी थांबलो, तिथेही चहा. पुण्यात आम्ही विचारतो, 'चहा घेणार का?', आणि पाहुणाही एकदा नको म्हणतो. इथे विचारायची पद्धतच नाही. माणूस दारात आला म्हणजे आधण ठेवायचं. दुसरा कप मी कसाबसा संपवला.

मग वंदनाताईंच्या घरी गेलो. टोपलीवर लुगडं झाकणाऱ्या त्या याच, वंदना भोयर. घर स्वच्छ, अंगणात कापसाचा ढीग, पलीकडे तुळस. चाळिशीतल्या, उंच, बोलताना समोरच्याकडे सरळ पाहणाऱ्या. मडावींनी "पुण्याचे सर" म्हणून ओळख करून दिली. त्यांनी ओसरीवर बाज टाकली, त्यावर चादर घातली, पाण्याचा तांब्या ठेवला. मग दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या आणि विचारलं, "चहा... घ्याल का जी?"

मी चटकन हो म्हणालो. त्या आत गेल्यावर मडावी माझ्या कानाशी वाकले. "ध्यानात आलं का? अख्ख्या गावात ह्याच घरी इचारते. लोकं नाही म्हणून राह्यले न, दोन वर्सं झाली. म्हणून आधी इचारून घेते."

एवढ्यात त्यांचे यजमान गजाननभाऊ शेतातून आले. मी कोण ते कळल्यावर त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला.

"या या," ते म्हणाले. "आमचं गाव केरळात हाये म्हणे. आमाले तर तुमच्यापासूनच समजलं."

मी बाजेवर सरकून त्यांना जागा केली.

"शेजाऱ्याची म्हैस आटली, तर आमच्या घरावर नाव. कोणाचं पोट्टं तापलं, आमच्या घरावर नाव. पेपर घेऊन येत होते लोकं दाखवाले. म्या मंतलं, अरे, आणला असता तर फॉरेस्टले बलावलं असतं का? तर मंते, सायन्सचं हाये, खोटं कसं असन."

"जाऊ द्या न," आतून वंदनाताईंचा आवाज आला.

"कायले जाऊ देऊ? संक्रांत झाली, परवा तुह्यं हळदीकुंकू. वाण आणून ठेवलं हाये न? मागच्या साली बी आणलं होतं. कोण आलतं, सांग याइले."

वंदनाताईंनी चहा आणून माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यात वाणाच्या स्टीलच्या वाट्यांची चळत होती, वर वर्तमानपत्र झाकलेलं. शेजारी दुसरी चळत होती, प्लास्टिकच्या डब्यांची. तिच्यावर धूळ नव्हती, म्हणजे रोज पुसत असणार. ती मागच्या वर्षीची.

मी चहा घेत राहिलो. वास्तविक याच क्षणासाठी आलो होतो. पण मी तिळगुळाची वडी कुरतडत कपाशीचा भाव विचारला. मग पाऊस कसा झाला ते विचारलं. वंदनाताई उत्तरं देत होत्या. मग त्यांनीच विचारलं, "सर, त्ये कुठी हाये आता?"

हा प्रश्न येईल असं मी धरलं नव्हतं.

"इथून नागपूरले नेलं होतं," त्या म्हणाल्या. "मंग काई समजलं नाही. लई लहान होतं जी. केळं देल्लं तं खाल्लं नाही. माह्या बोटाले धरून बसलं होतं, सोडेच ना."

मला सांगावं लागलं. माझ्या अहवालावरून तो किनाऱ्याकडचा ठरवला गेला आणि तिकडच्याच जंगलात नेऊन सोडला. दुरुस्ती निघेपर्यंत तो तिथे गेला होता. तिथे त्याच्यासारखेच दिसणारे आहेत, पण ते त्याचे नाहीत. त्यांची शीळ वेगळी असते, पाऊस वेगळा, किडे वेगळे. तो जगला की नाही मला माहीत नाही, आणि आता कळायचा काही मार्गही नाही.

वंदनाताईंनी अंगणातल्या ढिगातला कापसाचा एक पुंजका उचलला. त्यातली सरकी चाचपत राहिल्या.

"म्हणजे त्याले बी आपल्या गावातून काढलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी बोललो. पाण्याची नळी, फिकट रेघ, चष्मा, सगळं सांगितलं. हात जोडून म्हणालो, "ताई, चूक माझी होती. मला माफ करा." बोलताना, लाज वाटते सांगायला, मला आतून मोकळं वाटू लागलं. पुण्याहून मी बहुधा या मोकळेपणासाठीच निघालो होतो.

वंदनाताईंनी ते ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"मले कायले सांगता?" त्या म्हणाल्या. "मले तं पयल्यापासूनच माहीत हाये, म्या त्याले कुठून आणलं नाही. ज्याइले माहीत नाही, त्याइले सांगा न."

गजाननभाऊंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "जमन का?" त्यांनी विचारलं.

परत लॉजवर

मी उद्या सांगतो म्हणालो आणि निघून आलो. वाटेत मडावींनी एकच वाक्य उच्चारलं, "बस साडेनवाची हाये सर, नागपूरची." त्यात टोमणा होता की सोय, मला कळलं नाही.

संध्याकाळी खोलीत बसून भाषण लिहायला घेतलं. नमुन्यांचं दूषितीकरण, निष्कर्षांची मर्यादा, खेद. कागद चांगला झाला. त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि त्यात मी कुठेच नव्हतो. मुलीला फोन लावला. तिने काय करतोयस विचारलं, मी म्हटलं फील्डवर आहे. "लोरिस दिसला?" नाही म्हणालो. "मग परत ये ना," ती सहज म्हणाली. मला तिला सगळं सांगायचं होतं, पण तिच्याकडे कुणीतरी आलं आणि फोन ठेवला गेला. बराच वेळ खिडकीत उभा राहून हैदराबादकडे जाणारे ट्रक पाहत होतो. त्यांना कुठे जायचंय हे माहीत होतं.

दुरुस्त झालेला निकालही सगळं सिद्ध करत नाही, हेही मी तिथेच स्वतःशी मान्य केलं. तो लोरिस यवतमाळच्याच रानातला होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नदीपलीकडून आला असेल, किंवा इथे आधीपासून थोडे असतील आणि आम्ही कधी पाहिलेच नसतील. दुसऱ्या कुणी आणून सोडला असेल, हेही एका तपासणीने नाकारता येत नाही. पण त्या घरावर संशय घ्यायला जे एकमेव कारण होतं, ते मीच दिलेलं होतं. ते परत घेणं माझ्या हातात होतं.

पंचायतीचा भोंगा

सकाळी साडेनवाची बस मी जाऊ दिली आणि पुन्हा भोयरांच्या गावी गेलो.

त्या गावात नळ केव्हा येणार, रेशन कधी वाटणार, हे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगतात. भोंगे चार दिशांना आहेत, शेतापर्यंत आवाज जातो. मला भोंग्यावर बोलू द्यायला सरपंच आधी का-कू करत होते. "गावात शांतता हाये सर, पुन्हा कायले ते उकरून काढता?" गजाननभाऊ माझ्यामागे दारात उभे होते. ते म्हणाले, "शांतता तुमच्या घरी हाये, सरपंच." त्यावर सरपंचांनी भोंग्याच्या खोलीची किल्ली दिली.

खोली लहान, जुन्या मतदारयाद्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. गजाननभाऊंनी बटण दाबलं, भोंगा कुंथला, मग स्वच्छ झाला. मी खिशातून कागद काढून वाचायला लागलो, "नमस्कार. काही काळापूर्वी येथून प्राप्त झालेल्या जैविक नमुन्यांच्या विश्लेषणादरम्यान..."

गजाननभाऊंनी बटण बंद केलं.

"हे पुण्याचं नका बोलू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "काल तिले जसं सांगतलं तसं सांगा."

खिडकीतून चौक दिसत होता. पिंपळाखाली बसलेले लोक मान वर करून भोंग्याकडे पाहत होते. हापशावर दोन बायका कळशी भरायची थांबल्या होत्या. पलीकडच्या वळणावर वंदनाताई खांद्यावर कापूस बांधायचं रिकामं फडकं घेऊन वेचणीला चालल्या होत्या. त्या थांबल्या नाहीत, पण त्यांची चाल सावकाश झाली.

मी कागद घडी घालून खिशात ठेवला. गजाननभाऊंनी बटण पुन्हा दाबलं.

"मी पुण्याहून आलोय. तुमच्या गावात तुरीत जो प्राणी सापडला होता, त्याची तपासणी मी केली होती. तो लांबून आणलेला आहे, असं मी लिहिलं. ते चूक होतं. माझ्या टेबलावर दुसऱ्या प्राण्याचा अंश त्यात मिसळला होता. तसं झाल्याची खूण मला दिसली होती, तरी मी ती न दिसल्यासारखी केली. करणीचं वाक्यही मीच लिहिलं. इथे त्याला काही आधार नव्हता. भोयरांच्या घरातल्या कुणीही काही आणलं नव्हतं. वंदनाताईंना एक मुकं जनावर सापडलं, त्यांनी ते झाकून ठेवलं आणि कळवलं, एवढंच घडलं. तुम्ही दोन वर्षं त्यांच्या घरचा चहा घेतला नाही, तो माझ्यामुळे. मी काल घेतला. ताई, तुमची मी सगळ्यांसमोर माफी मागतो."